‘शोनेन’ म्हणजे नेमके कोण? ॲनिमेच्या वाचकवर्गांची दीडशे वर्षे (दीर्घ धागा)

१/
‘शोनेन’ म्हटले की डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र येते: जिद्दी मुलगा, जिवाला जीव देणारे मित्र, पूर्वी शत्रू असलेला सोबती आणि शेवटची मोठी लढाई. म्हणून हा शब्द कथाप्रकाराचा आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात जपानी भाषेत शोनेन म्हणजे मुलगा, शोजो म्हणजे मुलगी, सेइनेन म्हणजे तरुण, जोसेइ म्हणजे स्त्री आणि कोदोमो म्हणजे मूल. या पाच शब्दांपैकी एकही कथेचे नाव नाही. पाचही वाचकांची नावे आहेत. वाचकांची ही वाटणी कोणी केली, आणि वाचकांनी ती कितपत मानली, याचा हा इतिहास.

२/
आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. महाकाय यंत्रमानवांची ‘मेका’, जादुई मुलींची ‘माहो शोजो’, क्रीडाकथांची ‘स्पोकोन’, दुसऱ्या जगात जाऊन पडणाऱ्या नायकाची ‘इसेकाइ’ हे कथाप्रकार आहेत. कथेत काय आहे, ते त्यांवरून कळते. शोनेन किंवा सेइनेन हा मात्र पत्ता आहे. मूळ मांगा कोणत्या नियतकालिकात छापला जात होता, एवढेच तो सांगतो. ‘विनलँड सागा’ हे याचे चोख उदाहरण. २००५ साली ही मालिका ‘शोनेन मॅगझिन’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि त्याच वर्षी ‘आफ्टरनून’ या तरुणांच्या मासिकात गेली. लेखक तोच, नायक थोरफिनही तोच. पत्ता बदलला आणि शोनेनची सेइनेन झाली.

३/
आता मागे जाऊ. १८६८ साली मेइजी राजवट आली आणि १८७२ मध्ये देशव्यापी शिक्षणव्यवस्थेचा पाया घातला गेला. प्रत्येक मुलामुलीने शाळेत जावे, असे राज्यकर्त्यांनी ठरवले. साक्षरता वाढली तसा वाचकांचा एक नवा थर तयार झाला: बालपण सरलेले, पण संसाराला न लागलेले विद्यार्थी. सुरुवातीला ‘शोनेन’ या शब्दात हे सगळेच येत. तो वयाचा शब्द होता, आणि मुलींना त्यातून वगळलेले नव्हते.

४/
शाळांनी हा अर्थ आकुंचित केला. १८७९ च्या शिक्षणविषयक आज्ञेने प्राथमिक शाळा वगळता मुलामुलींचे एकत्र शिक्षण थांबवले. १८९९ च्या आज्ञेनुसार प्रत्येक प्रांतात मुलींसाठी स्वतंत्र उच्च विद्यालये आली. पण त्यांचा अभ्यासक्रम मुलांच्या शाळांसारखा नव्हता. ‘उत्तम पत्नी, सुज्ञ माता’ घडवणे हे त्यांचे घोषित ध्येय होते. मुलांची वाट विद्यापीठाकडे आणि सरकारी नोकरीकडे जात होती. मुलींची वाट उंबरठ्यापाशी थांबत होती.

५/
मासिके शाळांच्या मागोमाग चालली. ‘हाकुबुन्कान’ या प्रकाशनसंस्थेने १८९५ साली ‘शोनेन सेकाइ’ म्हणजे किशोरविश्व सुरू केले. त्यात मुलींसाठी एक वेगळे सदर होते. स्वतंत्र सदर मिळणे हा सन्मानही होता आणि बाकीची पाने तुमची नाहीत, ही सूचनाही. १९०२ मध्ये ‘शोजो-काइ’ हे मुलींचे स्वतंत्र मासिक आले, १९०६ मध्ये ‘शोजो सेकाइ’, १९०८ मध्ये ‘शोजो नो तोमो’. आज ॲनिमेच्या याद्यांत दिसणारी विभागणी तेव्हाच्या या मासिकांवरून आली आहे. चलच्चित्र तेव्हा जपानमध्ये नुकते कुठे रुजत होते.

६/
मुलींना जी खोली दिली गेली, ती त्यांनी आपल्या पद्धतीने सजवली. नोबुको योशिया यांच्या ‘हाना मोनोगातारी’ या कथामालेत १९१६ पासून मुलींमधील उत्कट मैत्री, विरह आणि एकटेपण आले. जुनइची नाकाहारा यांच्या चित्रांतील मुलींचे डोळे टपोरे आणि उदास होते. वाचक मुली टोपणनावे घेऊन पत्रे पाठवत. दूरदूरच्या गावांतल्या, एकमेकींना कधीही न भेटलेल्या मुलींचा एक समाजच या पानांवर वसला. लग्न ठरेपर्यंतची ती चार-पाच वर्षे त्यांची स्वतःची होती.

७/
युद्धाने हा अवकाश हिरावला. लष्करी राजवटीला उदास डोळे पसंत नव्हते, आणि १९४० साली नाकाहारांची चित्रे मासिकातून गेली. मुलांच्या मासिकांत शौर्यकथांचे पीक आले. ‘मोमोतारो : उमि नो शिन्पेइ’ हा जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट एप्रिल १९४५ मध्ये पडद्यावर आला, तोही नौदलाच्या पैशावर. लोककथेतला मोमोतारो त्यात सेनानी आहे आणि गोंडस प्राणी त्याचे सैनिक. ‘मुलांसाठी’ या शब्दांचा अर्थ ‘मुलांना कामाला लावण्यासाठी’ असाही होऊ शकतो, याचा हा ढळढळीत पुरावा.

८/
बाँबहल्ल्यांनी होरपळलेल्या ओसाकातील एका चित्रपटगृहात तो पट पाहून एक किशोर भारावून गेला. त्याचे नाव ओसामु तेझुका. त्याला भावला तो पटातील प्रचार नव्हे, तर त्यातला हळुवार, स्वप्नाळू भाग. तेझुकांचे बालपण ताकाराझुका गावात गेले होते. तेथील प्रसिद्ध नाटकमंडळीत सर्व भूमिका, पुरुषांच्यासुद्धा, स्त्रियाच करत. आई त्यांना ते प्रयोग पाहायला नेत असे. मुलांच्या पटाचा संस्कार आणि मुलींच्या रंगभूमीचा संस्कार असे दोन्ही एकाच मनात साठले.

९/
१९४७ च्या नव्या शिक्षण कायद्याने सहशिक्षणाला मान्यता दिली. शाळांच्या भिंती पडू लागल्या, मासिकांच्या मात्र उभ्या राहिल्या. तेझुकांचा ‘अणुबाल’ ॲटम १९५२ पासून ज्या मासिकात आला, त्याचे नावच ‘शोनेन’ होते. १९५३ मध्ये ‘शोजो क्लब’मध्ये त्यांनी ‘रिबन नो किशी’ सुरू केली. त्यातली राजकन्या सफायर राज्य वाचवण्यासाठी राजपुत्राच्या वेषात वावरते. मुलींच्या मासिकातील नायिकेच्या हाती तलवार आली, ती ताकाराझुकाच्या रंगमंचावरून.

१०/
१७ मार्च १९५९ रोजी ‘शोनेन मॅगझिन’ आणि ‘शोनेन संडे’ ही दोन साप्ताहिके एकाच दिवशी बाजारात आली. मासिकाची संथ गती गेली आणि आठवड्याची शर्यत सुरू झाली. १ जानेवारी १९६३ रोजी ॲटम दूरचित्रवाणीवर आला. कमी चित्रांत भागवणारे तंत्र तेझुकांनी वापरले, तरीही खर्च भागणे कठीण होते. प्रायोजक मेइजी कंपनीच्या चॉकलेटसोबत ॲटमची चिकटचित्रे मिळू लागली आणि मुलांची झुंबड उडाली. यापुढे प्रेक्षक कोण, या प्रश्नाला एक जोडप्रश्न कायमचा चिकटला: तो विकत काय घेणार?

११/
सर्वांत लहान मुलांची, म्हणजे कोदोमोची, मोजणी तर वर्गवार होती. ‘शोगाकुकान’ ही संस्था १९२२ मध्ये इयत्तेनुसार मासिके काढण्यासाठीच जन्मली. ‘दोराएमोन’ १९६९ च्या अखेरीस अवतरला तो एकाच वेळी सहा मासिकांत: बालवाडीपासून चौथीपर्यंत प्रत्येक टप्प्यासाठी एक. लेखक प्रत्येक इयत्तेसाठी वेगळी कथा रचत. नोबिताच्या गोष्टींतील गृहपाठ, परीक्षा आणि शिक्षकांचा धाक हा योगायोग नव्हे. त्या गोष्टी शाळेच्याच वेळापत्रकावर उगवल्या होत्या.

१२/
मुलींसाठीचा दूरचित्रवाणीवरचा पहिला मोठा प्रकार म्हणजे जादूगार मुलगी. १९६६ मध्ये ‘माहोत्सुकाइ सॅली’ आली. तिच्यामागे जपानमध्ये लोकप्रिय झालेल्या एका अमेरिकी मालिकेची प्रेरणा होती. १९६९ मध्ये आलेल्या ‘आक्को-चान’च्या हाती जादूचा आरसा होता, आणि तसाच आरसा खेळणे म्हणून दुकानांत मिळू लागला. जाहिरातीचा हेतू उघड होता. तरीही त्या आरशात पाहून मुलगी हवे ते रूप घेई. ‘उत्तम पत्नी’च्या धड्यात ही मुभा कधीच नव्हती.

१३/
१९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या महिला व्हॉलीबॉल संघाने सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर मुलींच्या क्रीडाकथांची लाट आली आणि १९६९ मध्ये ‘अटॅक नंबर वन’ ही ॲनिमे मालिका सुरू झाली. घाम, दुखापत, कठोर प्रशिक्षक हे सारे तोवर मुलांच्या ‘क्योजिन नो होशी’सारख्या बेसबॉलकथांचे भांडवल होते. क्रीडाकथा हा प्रकार मुलांकडून मुलींकडे गेला. वाचकवर्ग आणि कथाप्रकार एकमेकांना बांधलेले नाहीत, हे तेव्हाच स्पष्ट झाले.

१४/
सेइनेन वर्गाची मुळे वेगळ्या मातीत आहेत. युद्धोत्तर काळात शाळेचे सक्तीचे शिक्षण संपताच खेड्यांतील हजारो मुले शहरांतील कारखान्यांत कामाला येत. नवे पुस्तक घेणे परवडत नसे. भाड्याने पुस्तके देणारी दुकाने हाच त्यांचा विसावा होता. त्या दुकानांसाठी गुन्हेगारी, दारिद्र्य आणि शहरी एकाकीपणाच्या कथा चितारल्या गेल्या. योशिहिरो तात्सुमी यांनी १९५७ साली त्यांना ‘गेकिगा’ हे वेगळे नाव दिले. ही चित्रे बालकांसाठी नाहीत, हे त्या नावातच अभिप्रेत होते.

१५/
प्रकाशकांना हा वाचक दिसायला दहा वर्षे लागली. १९६७ मध्ये ‘मांगा ॲक्शन’ आणि १९६८ मध्ये ‘बिग कॉमिक’ निघाले. ‘मांगा ॲक्शन’च्या पहिल्याच अंकात अवतरलेला चोर ल्युपाँ तिसरा १९७१ मध्ये दूरचित्रवाणीवर आला, पण ती मालिका २३ भागांतच आटोपली. छापील पानावर प्रौढ वाचक मान्य झाला होता. पडद्यावर ॲनिमे म्हणजे मुलांचा खाऊ, हीच समजूत कायम होती.

१६/
दरम्यान ‘शोनेन’चे वाचक वाढत्या वयातही आपले साप्ताहिक सोडेनात. ‘आशिता नो जो’ ही झोपडवस्तीतल्या मुष्टियोद्ध्याची कथा १९६८ पासून ‘शोनेन मॅगझिन’मध्ये येत होती, आणि विद्यापीठातले विद्यार्थी ती वाचत होते. कथेतला प्रतिस्पर्धी रिकिइशी मरण पावला, तेव्हा मार्च १९७० मध्ये त्याच्यासाठी खराखुरा शोकविधी झाला आणि शेकडो लोक आले. त्याच महिन्याच्या अखेरीस विमान पळवून उत्तर कोरियाला नेणाऱ्या डाव्या तरुणांनी आपल्या निवेदनात स्वतःची तुलना जोशी केली. मुखपृष्ठावरचा ‘मुलगा’ हा शब्द आता पोकळ झाला होता.

१७/
मुलींच्या मासिकांत त्याच सुमारास क्रांती झाली. तोवर तेथे बहुतेक पुरुष चित्रकार लिहीत. १९७० च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा यांची पिढी पुढे आली. शोवा कालगणनेच्या २४ व्या वर्षाच्या, म्हणजे १९४९ च्या, आसपासचा त्यांचा जन्म. म्हणून त्यांना ‘२४ चा गट’ म्हणतात. विज्ञानकथा, मृत्यू, देह, मुलामुलांतील प्रेम हे विषय त्यांनी शोजोच्या पानांवर आणले. ज्या वाचक होत्या, त्या लेखिका झाल्या होत्या.

१८/
इतिहासप्रेमींनी लक्षात ठेवावे असे नाव म्हणजे रियोको इकेदा. १९७२ मध्ये त्यांनी ‘मार्गारेट’ साप्ताहिकात ‘व्हर्सायचा गुलाब’ सुरू केला. इतिहास मुलींना रुचणार नाही, असे संपादकांचे मत होते. इकेदांनी स्टीफन झ्वाइग यांनी लिहिलेल्या मारी ॲंत्वानेतच्या चरित्राचा आधार घेतला आणि फ्रेंच राज्यक्रांती शाळकरी मुलींच्या दप्तरात नेली. तिची काल्पनिक नायिका ऑस्कर पुरुषी गणवेशात राणीचे रक्षण करते आणि अखेर बास्तीयच्या लढाईत जनतेच्या बाजूने उभी राहते. १९७४ मध्ये ताकाराझुकाने त्याचे नाटक केले, १९७९ मध्ये ॲनिमे आले, आणि २००९ मध्ये फ्रान्सने इकेदांना ‘लेजियाँ दॉनर’ने गौरवले.

१९/
१९७४ च्या शरद ऋतूत रविवारी संध्याकाळी साडेसातला जपानी घरांत दोन मालिकांपैकी एक निवडावी लागे. एका वाहिनीवर इसाओ ताकाहातांची ‘हायदी’ होती, दुसरीवर ‘युचू सेन्कान यामातो’. घरोघरी हायदी जिंकली आणि यामातोचे भाग ३९ वरून २६ वर आले. पण ज्या थोड्यांनी यामातो पाहिली, ते बालक नव्हते. १९७७ मध्ये तिचा चित्रपट आला, तेव्हा किशोर आणि तरुण आदल्या रात्रीपासून रांगेत उभे होते. प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या आकड्यांना हा वर्ग दिसलाच नव्हता.

२०/
‘गंडम’चेही तेच झाले. १९७९ च्या या मालिकेचा प्रायोजक खेळणी बनवणारी कंपनी होता. त्याला लहान मुलांना विकता येईल असा यंत्रमानव हवा होता. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनी युद्धाने शिणलेली माणसे दाखवली. खेळणी खपेनात, म्हणून ५२ भागांची मालिका ४३ भागांत गुंडाळली गेली. १९८० मध्ये जोडणीचे प्लॅस्टिक संच आले आणि ते मोठ्या मुलांनी उचलले. २२ फेब्रुवारी १९८१ रोजी शिंजुकु येथे चित्रपटाच्या निमित्ताने हजारो तरुण जमले आणि ‘ॲनिमेचे नवे युग’ जाहीर झाले.

२१/
मुलींनी मुलांच्या कथांवर हक्क सांगितला, तो डिसेंबर १९७५ मधील पहिल्या ‘कॉमिकेट’ या हौशी प्रकाशनांच्या मेळ्यापासून उघड दिसतो. तेथे आलेल्यांत शाळकरी मुलींचाच भरणा होता. १९८० च्या दशकात ‘शोनेन जंप’मधील ‘कॅप्टन त्सुबासा’ या फुटबॉलकथेवर त्यांनी स्वतःच्या पुस्तिकांचा पाऊस पाडला. ‘मैत्री, प्रयत्न, विजय’ ही जंपची त्रिसूत्री होती. अंकासोबतच्या वाचकपत्रांवरून मालिकांचे आयुष्य ठरे. १९९५ च्या आरंभी त्याचा खप ६५ लाखांवर गेला. एवढा खप केवळ मुलग्यांचा कसा असेल?

२२/
मुलांसाठी लिहिणारे हातही बदलले. रुमिको ताकाहाशींची ‘उरुसेइ यात्सुरा’ १९७८ मध्ये ‘शोनेन संडे’त आली. ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ची लेखिका हिरोमु आराकावा, मूळच्या हिरोमी या नावाचे हे पुरुषी रूप तिने टोपणनाव म्हणून घेतले. दुसऱ्या बाजूला, १९९२ च्या ‘सेलर मून’ने जादूगार मुलीला मुलांच्या वीरपथकांची शिस्त दिली: पाच जणी, पाच रंग, एक लढाई. नाओको ताकेउची यांच्या नायिका रडक्या, खादाड आणि तरीही जग वाचवणाऱ्या होत्या.

२३/
‘इव्हँजेलियन’ १९९५ मध्ये संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे मुलांच्या वेळेत, लागत असे. नंतर तिचे मध्यरात्रीचे पुनर्प्रक्षेपण गाजले, आणि रात्री जागणाऱ्या प्रौढांसाठी ॲनिमे करता येते, हे वाहिन्यांना उमगले. जोसेइची पाळी शेवटी आली. शोजो वाचत मोठ्या झालेल्या स्त्रियांसाठी ‘बी लव्ह’सारखी मासिके १९८० पासून निघत होती, नोकरी, घटस्फोट, वार्धक्य यांना तेथे जागा होती. पडद्यावर मात्र त्यांच्यासाठी ‘नोइतामिना’ ही खास वेळ २००५ मध्ये राखली गेली, ‘हनी अँड क्लोव्हर’पासून. मुलींसाठी ‘सॅली’ आली, त्याला तेव्हा जवळपास चाळीस वर्षे झाली होती.

२४/
भारतात ॲनिमे आले ते ही लेबले गळून. १९९० च्या दशकात दूरदर्शनवर रविवारी लागणाऱ्या ‘जंगल बुक’चे मूळ जपानी नाव होते ‘जंगल बुक : शोनेन मोगुरी’. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचा मोगली टोकियोत चितारला गेला आणि हिंदी बोलत महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. त्याच्या नावात ‘शोनेन’ आहे, हे येथे कोणाला ठाऊक नव्हते. पडद्यासमोर भाऊ-बहिणी शेजारी बसल्या होत्या, आणि मागे चहाचा कप घेऊन आजोबाही.

२५/
म्हणून पुढच्या वेळी ‘हे शोनेन की सेइनेन’ असा वाद पेटला, तर कथेतले रक्त किंवा चुंबने मोजत बसू नये. तीन प्रश्न विचारावेत: मूळ कोणत्या मासिकात आले? पैसे कोणी घातले? किती वाजता दाखवले गेले? मूळ जपानी पान हाती आले, तर कठीण चित्रलिपीशेजारी बारीक अक्षरांत उच्चार छापले आहेत का, तेही पाहावे. मुलामुलींच्या मासिकांत ते असतात, तरुणांच्या मासिकांत सहसा नसतात. एवढ्या पुराव्यावर लेबल ठरते.

२६/
प्रकाशकाने कोणाची कल्पना केली होती, हे लेबलावरून कळते. कोणी वाचले, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पत्रांची पाने, रात्रीच्या रांगा, कॉमिकेटची मेजे आणि रिकिइशीच्या शोकसभेतील गर्दी पाहावी लागते. १८७९ च्या आज्ञेने ज्यांना वेगळे बसवले, त्यांच्या नाती-पणती ऑस्करसोबत बास्तीयवर चालून गेल्या, आणि त्यांच्यापैकीच काहींनी पुढे मुलग्यांच्या साप्ताहिकांची पाने रंगवली.

(धागा समाप्त)